कामापुरती भाषा

नायेफ गेला तेव्हा विओरिकाला अरबीतले जेमतेम चाळीस शब्द येत होते, आणि त्यातले निम्मे भाजीपाल्याचे होते.

सात वर्षं अम्मानमध्ये संसार करून बाईला तिथली भाषा येऊ नये म्हणजे कमालच, असं नायेफच्या गावातल्या बायका म्हणत. त्यांचं चुकत नव्हतं. पण नायेफ रुमानियात औषधांचं शिक्षण घ्यायला गेला आणि तिथून बायको घेऊन आला, तेव्हा तिची भाषाही सोबत घेऊन आला होता. नवराबायको घरात रुमानियन भाषेत भांडत आणि त्याच भाषेत समेट करत. घरमालक, विजेचं बिल, डॉक्टर, लेकीची बालवाडी, जिथे जिथे तोंड उघडावं लागे तिथे नायेफ पुढे असे. बोलणारा माणूस घरात असताना बाईने आपली जीभ कशाला शिणवायची? मग वाळवंटातल्या हमरस्त्यावर त्याच्या गाडीला मालट्रकने उडवलं, आणि तिच्या वतीने बोलणारं कोणी उरलं नाही.

दुखवटा संपला तसा सासरा, अबू नायेफ, स्वतः अम्मानला आला. भाड्याचं घर मोकळं करून सुनेला आणि सहा वर्षांच्या नातीला, रुबाला, करकजवळच्या आपल्या गावी घेऊन गेला. माडीवरच्या दोन खोल्यांना नवा रंग दिलेला होता. खिडकीला जाळी, थंडीसाठी शेगडी, रुबासाठी अंगणात बकरीचं पिल्लू. कोणी वाकडा शब्द बोललं नाही. वाईट वागले असते तर विओरिकाचं काम सोपं झालं असतं. चांगल्या माणसांच्या घरात जीव गुदमरायला लागला तर तक्रार कोणाकडे करायची? खाली अंगणात बायका बोलत, हसत, रडत, आणि ती वर जाळीतून बघत बसे, आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसावं तशी.

तिने मनाशी ठरवलं, आणि ठरवलं ते पक्कं. रुबाला घेऊन रुमानियातल्या याश शहरात आपल्या आईकडे जायचं आणि परत यायचं नाही.

ती एकटी कधीही गेली असती तर कोणी अडवलं नसतं. पण रुबाचा पासपोर्ट अबू नायेफच्या कपाटात होता. बाप नसलेल्या पोरीला आजोबांच्या होकाराशिवाय सरहद्द ओलांडता येत नव्हती. तेव्हा मागायला हवं होतं. मागायला भाषा हवी होती. रुबा दोन्ही भाषा घडाघडा बोलायची, तिला मध्ये घालता आलं असतं. पण लेकीच्या तोंडून खोटं वदवून घ्यावं इतकी विओरिका अजून घसरली नव्हती. खोटं बोलायचंच तर स्वतः बोलू, असं तिने ठरवलं. म्हणजे आधी शिकावं लागणार होतं, आणि पटकन. सप्टेंबरात रुबाचं नाव गावच्या शाळेत घालायचं ठरलं होतं. एकदा दप्तर पाठीवर चढलं की मग कसलं जाणं आणि कसलं येणं.

सुरुवात तिने पुस्तकापासून केली. अम्मानहून आणलेलं जाडजूड पुस्तक होतं, त्यातली वाक्यं तिने जाळीच्या खिडकीत बसून घोकली आणि एक दिवस खाली उतरून वाण्याच्या दुकानात गेली. तिथे तिने तांदूळ मागितले. दुकानात बसलेले तीन म्हातारे उठून उभेच राहिले. पुस्तकातली अरबी म्हणजे बातम्यांची अरबी; त्या भाषेत तिकडे युद्ध जाहीर करतात, तांदूळ मागत नाहीत. "बातम्या संपल्या की सांग गं, पोरी," त्यातला एक म्हणाला, "आम्हाला हवामान ऐकायचंय."

हे नणंदेच्या कानावर गेलं. नणंदेचं नाव खिताम, म्हणजे समाप्ती. पाचव्या मुलीच्या वेळी आईबाप कंटाळले आणि आता पुरे म्हणून हे नाव ठेवून मोकळे झाले. बाकीच्या चौघी लग्न होऊन गेल्या, खिताम शिवणाचं यंत्र घेऊन घरी राहिली. ती माडीवर आली, पुस्तक उचललं आणि खाटेखाली सरकवलं.

"ह्याने काय होणार नाही," ती हातवारे करत म्हणाली. "उद्यापासून माझ्यामागे फिर. मी जे करीन ते बोलीन, तू तेच बोल. आणि तुझ्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला तर त्या दिवशी चहा नाही."

पहिल्या दिवशी विओरिकाला एकदाही चहा मिळाला नाही.

पण खितामची शाळा भारी होती. कोबीची पानं उकडताना कोबी, कोवळ्या दुधीसारखे कूसे कोरताना कूसे, कोंबड्या हाकताना कोंबड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. विओरिका मागे मागे फिरत म्हणत राही, "मी झाडते. मी उचलते. ही कोंबडी हरामखोर." आठवड्यात तिच्या तोंडात वाक्यं बसायला लागली. तिच्या ध्यानात आलं की इथल्या बोलण्याचा अर्धा भाग जोडीजोडीने येतो. काम करणाऱ्याला म्हणायचं, देव तुला ताकद देवो. त्याने म्हणायचं, तुलाही देवो. न्हाऊन आलेल्याला एक, नवं कापड घातलेल्याला एक, जेवणाऱ्याला एक, आणि प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं. ही तर चावी हाती लागली, असं तिला वाटलं. जोड्या पाठ केल्या की माणूस बोलका दिसतो, हे तिने ताडलं.

त्याच भरवशावर ती एकदा मिनीबसने करकला जाऊन आली. उतरताना भाडं पुढे केलं तर ड्रायव्हर छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुमच्याकडून काय घ्यायचं, असू द्या." असं तिकडचा प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो, आणि प्रत्येक उतारू पैसे हातात कोंबून जातो. विओरिकाने त्याला मनापासून दुवा दिली, पैसे पाकिटात टाकले आणि उतरून चालायला लागली. ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

खितामने ही गोष्ट घरात नक्कल करून सांगितली तेव्हा सासू, उम्म नायेफ, ओढणीचं टोक तोंडाला लावून हसली. मुलगा गेल्यावर पहिल्यांदाच हसली. हसता हसता तिला ते जाणवलं असावं, कारण ती एकदम थांबली, उठली, आणि पाठमोरी होऊन डाळ निवडायला लागली. तिचे खांदे हलत होते. अशा वेळेसाठी जोडी असते का, हे विओरिकाने खितामला विचारलं नव्हतं.

उम्म नायेफ म्हणजे नायेफची आई. तिकडे पहिल्या मुलाच्या नावाने आईबाप ओळखले जातात, ते मरेपर्यंत. मुलगा गेला तरी हाक तीच राहते. वाणी, शेजारीण, मशिदीत बांग देणारा मुअज्जिन, जो तो दिवसभर तिला तिच्या मेलेल्या मुलाच्या नावाने हाक मारी आणि ती ओ देई. विओरिकाला आधी हे कळलंच नव्हतं, कारण हाका म्हणजे नुसता आवाज होता. आता हाका कळायला लागल्या होत्या, आणि प्रत्येक हाकेला तिचेही हात थांबत होते.

वसंतात दूध वाढलं तशी सासूने जमीद करायला घेतलं. ताक घुसळायचं, कापडात बांधून निथळायचं, मीठ घालून मळायचं आणि मुठीएवढे गोळे वळून छतावर वाळत घालायचे. विओरिका मदतीला बसली. हात मिठात आणि तोंड रिकामं, म्हणजे बायका बोलणारच. उम्म नायेफ मूळची कमी बोलणारी, पण समोर ऐकणारी नवी होती, आणि नव्या माणसाला जुन्या गोष्टी पुन्हा सांगता येतात. ती सावकाश बोले, कठीण शब्द आला की हातानं दाखवी.

तिने नायेफच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी तो अडखळत बोलायचा, म्हणून शाळेत पोरं चिडवायची. मग तो माळावर जाऊन बकऱ्यांसमोर भाषणं करायचा. विओरिकाला हे ठाऊक नव्हतं. याशमध्ये पहिल्या भेटीत तो इतकं थांबून थांबून बोलला होता की तिला वाटलं, परकी भाषा म्हणून. लग्नाची सगळी वर्षं तिने तोच समज धरला होता. मिठाचे हात गालाला लागू नयेत म्हणून तिने खांद्याने डोळे पुसले.

"तुला एक सांगते," उम्म नायेफ एक दिवस गोळा वळत म्हणाली. "रागावू नकोस. लग्नाचं कळलं तेव्हापासून मी तुला शिव्याशाप द्यायचे."

"मला?"

"तुझ्या तोंडावर. ईदला यायचात ना तुम्ही. मी म्हणायचे, देव तुझं वाटोळं करो, माझा मुलगा पळवलास. आणि तू हसून माझे आभार मानायचीस, शुक्रन म्हणायचीस."

"नायेफ काय म्हणायचा?"

"तो तुला सांगायचा, आई स्वयंपाकाचं काहीतरी विचारतेय."

विओरिका हसायला लागली, तिला थांबवेना. म्हातारीही हसली. मग मिठाळ हाताने तिने सुनेची हनुवटी धरली. "आता घेतले मी ते सगळे परत, यम्मा," ती म्हणाली. तिकडच्या आया पोटच्या पोरांना यम्मा म्हणतात, म्हणजे आई म्हणतात. आपलंच नाव आपण लेकराला देऊन टाकायचं, अशी रीत. विओरिकाला तोवर कोणी यम्मा म्हटलं नव्हतं. ती माडीवर गेली आणि तिला भयंकर वाईट वाटलं. तिला कामापुरती भाषा हवी होती. दोन वाक्यं मागण्यापुरती, चार वाक्यं निरोपापुरती. भाषेबरोबर ही म्हातारी पदरात पडेल, याचा तिने हिशोब केला नव्हता.

तरी बेत तिने बदलला नाही. बदलेल असं स्वतःलाही वाटू दिलं नाही. संध्याकाळी माडीवरून रस्ता दिसे. दूरवर एखादी गाडी धूळ उडवत जाई, आणि आपल्याला त्या गाडीत बसायचंय एवढंच तिला कळे. पस्तिशीच्या आत तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या जाळीत मावत होतं. सासरचे चांगले होते म्हणून ते आयुष्य मोठं होत नव्हतं.

जर्दाळू पिकले तेव्हा तिने खितामला सांगितलं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, रुबाला घेऊन दोन महिने जाऊन यायचंय. ऑपरेशन खरं होतं. दोन महिने खोटे होते.

खितामने सुई दातात धरून विचार केला. "इथे बाईला काही मागायचं असलं की तिच्या बाजूने बाप जातो, भाऊ जातो, चार पांढऱ्या दाढ्या जातात. तुझं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग तुलाच जावं लागणार. आणि नुसतं मागून चालणार नाही. बाबा कॉफी देतील, ती घे. पण पिऊ नकोस. समोर खाली ठेव. पाहुण्याने कॉफी खाली ठेवली की यजमानाला कळतं, हा काहीतरी मागायला आलाय आणि मिळाल्याशिवाय पिणार नाही. तुझी कॉफी तशीच राहिली तर लाज त्यांची. म्हणून ते ऐकून तरी घेतील."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर उठून यायचं. पुन्हा त्या गोष्टीसाठी कप ठेवता येत नाही. म्हणून बोलणं पाठ कर."

द्राक्षाच्या पानांत भात भरता भरता दोघींनी ते बोलणं बसवलं. खितामने त्यात अडचणीच्या जागा शोधून शोधून प्रश्न विचारले, अगदी बापाच्या आवाजात. तिला बिचारीला ठाऊक नव्हतं आपण कशाची तालीम घेतोय. विओरिका तिच्याकडे बघायचं टाळत पानं वळत राहिली.

दुपारची नमाज झाल्यावर ती बैठकीच्या खोलीत गेली. भिंतीला लागून गाद्या, मधे निखाऱ्यावर कॉफीची सुरई. अबू नायेफ होता, आणि नेमका त्याचा थोरला भाऊ अबू फव्वाझ आलेला होता. घराण्यात शेवटचा शब्द त्याचा. उम्म नायेफ दारापाशी बसून होती. विओरिकाला परत फिरावंसं वाटलं, पण अबू नायेफने जागा दाखवली होती आणि कप भरला होता. तिने तो उजव्या हाताने घेतला आणि गालिच्यावर समोर ठेवला.

अबू नायेफने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"तुमच्या घराने, काका."

तिकडे सुना सासऱ्याला काका आणि सासूला मावशी म्हणतात. उत्तर पाठ केलेलं नव्हतं, आपोआप आलं. म्हाताऱ्याच्या मिशा किंचित हलल्या. "बोल मग."

ती बोलली. आई आजारी, ऑपरेशन, घरात दुसरं कोणी नाही. रुबाला आजीने कधी पाहिलेलं नाही. दोन महिने. शाळा सुरू व्हायच्या आत परत. मध्येच दोन वाक्यं उलटीपालटी झाली, एक शब्द आठवेना तेव्हा तिने हाताने गुडघा दाखवला.

अबू नायेफ बराच वेळ निखारे सारखे करत राहिला. "नायेफची माझ्याकडे एवढीच एक वस्तू उरलीय," तो शेवटी म्हणाला. "सकाळी ती माझे जोडे लपवते. मी शोधत बसतो. मला माहीत असतं कुठे आहेत, तरी शोधतो. तू ती घेऊन जायचं म्हणतेस. माझ्याकडे बघून सांग, परत आणशील?"

"आणीन," विओरिका म्हणाली.

परक्या भाषेत खोटं बोलायला सोपं जातं. शब्दाला वजन नसतं, शब्द आपल्या घरचा नसतो. तिने तो उच्चारला आणि तिला फार काही झालं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"हिचा शब्द कोणाच्या तोंडावर?" अबू फव्वाझने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बाप इथे नाही, भाऊ नाही. नुसत्या शब्दावर मी शेळी सोडत नाही, आणि ही तर आपली पोरगी आहे. जामीन कोण?"

तिकडे जामीन राहणारा म्हणतो, ही गोष्ट माझ्या तोंडावर. शब्द पुढे मोडला तर मोडणाऱ्याला काळं लागत नाही, जामिनाला लागतं. लग्नकार्यात त्याला कोणी पुढे बसवत नाही, त्याच्या हातची कॉफी कोणी घेत नाही. हे विओरिकाला माहीत होतं, कारण जमीद वळताना उम्म नायेफनेच अशा एका माणसाची गोष्ट सांगितली होती. तो गाव सोडून गेला होता.

"माझ्या तोंडावर," दारापासून आवाज आला.

तीन महिन्यांपूर्वी ते दोन शब्द तिच्या कानावरून निघून गेले असते. आता ते तिला लखलखीत कळले. तिने मान वळवली. सासू हात गुडघ्यावर ठेवून बसली होती, तिच्याकडे बघतही नव्हती.

"बायका कधीपासून जामीन राहायला लागल्या?" अबू फव्वाझ म्हणाला.

"मुलं आयांच्या आधी मरायला लागली तेव्हापासून," उम्म नायेफ म्हणाली. "मी म्हटलं ना, माझ्या तोंडावर. ती येईल. मी तिला ओळखते."

अबू फव्वाझने खांदे उडवले. अबू नायेफने श्वास सोडला. "कॉफी पी, पोरी," तो म्हणाला. "दिलं."

कॉफी गार झाली होती आणि कडू होती. विओरिकाने ती घोटाघोटाने संपवली. मागायला आली होती ते मिळालं होतं, आणि दाराकडे मान वळवायचं तिला धाडस होत नव्हतं.

स्वयंपाकघरात सासू तिच्यामागोमाग आली. कप विसळायला घेतले. विओरिका दाराला टेकून उभी राहिली. गप्प राहिली असती तर काही बिघडत नव्हतं. पासपोर्ट हातात पडला असता, विमान उडालं असतं, आणि म्हातारीला काय ते नंतर, हजार मैल दूर असताना कळलं असतं. अशी ती उभी होती, आणि तोंडातून निघून गेलं.

"मावशी, माझा शब्द तुमच्या तोंडावर घेऊ नका. मी परत येणार नाही."

पाणी वाहत राहिलं.

"मी खोटं बोलले. दोन महिने नाही. कायमची. मी आल्यापासून तेच ठरवलं होतं. त्यासाठीच शिकले मी हे सगळं."

उम्म नायेफने नळ बंद केला. ओले हात तसेच समोर धरून ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून विओरिका वाट बघत होती, राग आला असता तर बरं वाटलं असतं.

"हे तू तुझ्या भाषेत सांगायचं होतंस," म्हातारी म्हणाली. "मला कळलं नसतं."

बाहेरून अबू नायेफची हाक आली. कपाट उघडल्याचा आवाज झाला होता. उम्म नायेफने हात पुसले आणि गेली. विओरिका स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती, एकूण एक शब्द.

"अबू फव्वाझ म्हणतोय, घाई झाली," अबू नायेफ म्हणत होता. "तू विचार केलास ना नीट? तुझ्या मनात काही असेल तर आत्ता बोल."

विओरिकाला वाटलं, आता. आता ही सांगणार. आणि तिच्या मनाने कौल दिला की सांगू दे, सांगू दे एकदाचं.

"माझ्या मनात काही नाही," उम्म नायेफ म्हणाली. "आण इकडे तो."

ती परत आली आणि पासपोर्ट ओट्यावर ठेवला, पिठाच्या डब्याशेजारी. विओरिकाने तो उचलला नाही.

"मग मी राहू?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर राहते. तुम्ही सांगा."

"मला विचारू नकोस."

"मावशी..."

"मला विचारू नकोस म्हटलं ना. मी राहा म्हटलं तर तू राहशील. आणि रोज संध्याकाळी त्या जाळीतून रस्ता बघत बसशील. दिसतं मला खालून. एक पोर पुरलं मी. दुसरं जिवंतपणी पुरू?" तिने कप उलटे मांडून ठेवले. "पण मला आवडलं असं समजू नकोस. तुला माफ केलं असंही समजू नकोस. तू मला फसवलंस. माझ्या घरात बसून, माझ्याच तोंडून शब्द उचलून फसवलंस."

त्यानंतर ती विओरिकाशी बोलली नाही. सामानाची बांधाबांध चालली होती तेव्हाही काही सांगायचं झालं तर खितामकडून सांगे. खितामला वाटलं, आईला नातीच्या विरहाचं दुःख आहे. तिने विओरिकाला बाजूला घेऊन समजावलं, "दोन महिने काय, बघता बघता जातील. आई अशीच आहे." विओरिकाने मान डोलावली. खितामला खरं सांगायचं धैर्य तिला झालं नाही, आणि तो भार ती आपल्याबरोबर घेऊन गेली.

रुबाचे हिवाळ्याचे कपडे सुटकेसमध्ये कोणी भरले ते विओरिकाला निघायच्या आदल्या दिवशी दिसलं. जाड कोट, लोकरीचे मोजे. दोन महिन्यांसाठी, भर उन्हाळ्यात निघणाऱ्या पोरीसाठी. घडी सासूच्या हातची होती. ते सगळं कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून वर फ्रॉक नीट पसरलेले होते.

मिनीबस दारात आली तेव्हा अर्धा गाव जमला होता. लवकर या, आईला सांभाळ, पोरीला ऊन लागू देऊ नकोस. अबू नायेफने रुबाला उचलून धरलं होतं आणि तो तिला खाली ठेवायला तयार नव्हता. तो तिच्या कानात काहीतरी बोलत होता आणि ती खिदळत होती. विओरिकाला तिकडे बघवेना. ती बसच्या पायरीपाशी उभी राहिली तेव्हा गर्दीतून वाट काढत उम्म नायेफ तिच्यासमोर आली. जमीदचे गोळे बांधलेलं कापडी गाठोडं तिने सुनेच्या हातात दिलं. चारचौघांसमोर तिला मिठी मारली, जशी मारायला हवी तशी. आणि मिठीतच, तिच्या कानाशी, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तिथे पोरीशी आमच्या भाषेत बोल. रोज बोल. लेकरं लवकर विसरतात. मी फोन केला तर तिला माझं कळायला हवं."

"माझी मोडकी आहे, मावशी. मला धड येत नाही."

"मोडकीच बोल," म्हातारी म्हणाली. "तुझ्याशिवाय तिथे तिच्याशी बोलणारं कोण आहे?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. विओरिकाने हो म्हटलं. त्या घरात तिने दिलेला हा एकच शब्द पाळण्यासाठी दिलेला होता.